शिनानोच्या काठी, दोन कॅमेरे घेऊन

जपानात उन्हाळाभर कुठे ना कुठे आतषबाजी चालूच असते. त्यातली एकच बघायची असेल तर नागाओकाची बघा, असं मी बिनदिक्कत सांगेन. आणि फोटो काढायचे असतील तर दुप्पट आग्रहाने. टोकियोहून शिनकानसेन या वेगवान रेल्वेने हे गाव दोन तासांच्या आत येतं. स्टेशनबाहेर पडलं की युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, घातलेल्या गर्दीबरोबर चालत राहायचं, वाट विचारावीच लागत नाही. अर्ध्या तासात शिनानो समोर येते, जपानमधली सगळ्यात लांब नदी, ३६७ किलोमीटरची.

वार कुठलाही असो, आतषबाजी २ आणि ३ ऑगस्टलाच होते. त्यामागे १ ऑगस्ट १९४५ची रात्र आहे. साडेदहाच्या सुमारास अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं आली, गावाचा बराचसा भाग जळून गेला आणि जवळजवळ दीड हजार माणसं गेली. म्हणून मी १ तारखेलाच गावात पोचले. संध्याकाळी काकी नावाच्या नदीत कागदी कंदील सोडतात आणि साडेदहाला शिनानोवर ‘शिरागिकु’ उडवतात, म्हणजे पांढरी शेवंती. दुसरा रंगच नाही. ही शेवंती घडवणारे कासे सेइजी याच गावचे. युद्धानंतर ते सैबेरियात कैदेत होते. १९९० साली खाबारोव्स्कला जाऊन, तिथे मेलेल्या सोबत्यांसाठी त्यांनी आमूर नदीवर ती पहिल्यांदा उडवली. हे ठाऊक असलं की व्ह्यूफाइंडरमधून बघतानाही हात आपोआप सावकाश चालतात.

माझ्याकडे निकॉन एफएम२ होता, त्यात प्रोव्हिया १००एफ स्लाइड फिल्म, आणि शेजारच्या ट्रायपॉडवर डिजिटल. फिल्म कॅमेऱ्याचं शटर पूर्ण यांत्रिक. ‘बी’वर लावलं की केबल रिलीज दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं, आणि बॅटरीचा प्रश्नच येत नाही. दारूकामाच्या फोटोत एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. ठिणगी फ्रेममधून पळत असते, एका जागी ती क्षणभरच टिकते. त्यामुळे तिची रेघ किती उजळ उमटणार हे अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, ठरवतं. शटर किती वेळ उघडं ठेवता त्यावर आभाळ, धूर आणि पुलावरचे दिवे ठरतात, आणि एका फोटोत किती फुलं जमा होणार तेही. आयएसओ १००ला साध्या फुलांसाठी एफ/११ पुरतं. शिरागिकुला मात्र एफ/१६, म्हणजे आणखी लहान छिद्र, नाहीतर मधला भाग नुसता पांढरा डाग होतो.

डिजिटलवर पहिल्या काही फुलांत हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघून घेतला आणि तेच अ‍ॅपर्चर फिल्मला लावलं. त्यातही लाल रंगावर लक्ष हवं. लाल येतो स्ट्रॉन्शियमपासून, आणि सेन्सरचा लाल चॅनल इतरांच्या आधी भरतो. स्क्रीनवर सगळं ठीक दिसत असतं आणि घरी आल्यावर रेघा पिवळट निघतात. निळ्याची अडचण वेगळी. तांब्याचं जे संयुग निळा देतं ते फार तापलं की मोडतं, म्हणून खरा निळा मंदच जळतो. तो चांगला साधला की काठावरचे जाणकार मोठ्याने दाद देतात. डिजिटलवाल्यांनी लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन आठवणीने बंद करावं. नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो आणि पुढची फुलं हातची जातात.

माझ्या डाव्या हाताला एक आजोबा मीडियम फॉरमॅटचा जाडजूड फिल्म कॅमेरा लावून बसले होते. हातात काळा रंग दिलेला पंखा, कागदी पात्याचा आणि बांबूच्या दांडीचा. शटर एकदा उघडलं की त्यांनी ते मिटलंच नाही. फूल उमललं की पंखा भिंगासमोरून बाजूला, ठिणग्या विझायला लागल्या की परत आड. भिंगाला पंख्याचा स्पर्श होत नव्हता, ट्रायपॉड हलत नव्हता. गोळ्याची शेपूट वर चढताना दिसली की ते मान डोलवायचे आणि मी माझं रिलीज दाबायचे. आवाजाची वाट बघून चालत नाही. फूल उमलल्यानंतर तो दोन सेकंदांनी पोचतो.

शोसानजाकुदामा हा ९० सेंटिमीटर व्यासाचा गोळा, वजन सुमारे ३०० किलो. तो ६०० मीटर उंचीवर फुटतो आणि ६५० मीटर रुंद उमलतो. मी २४ मिमीचं भिंग उभं लावलं, कारण मला खाली नदी हवी होती. नुसत्या काळ्या आभाळावरचं फूल कुठलंही असू शकतं. खाली पाणी, पूल आणि माणसांची डोकी आली की ते नागाओकाचं होतं. फिल्मवर तर मी नदी नसलेली एकही फ्रेम घेतली नाही.

फिनिक्सच्या वेळी मात्र असा हिशोब पुरत नाही. २००४च्या ऑक्टोबरमध्ये नागाओकाभोवतीच्या चुएत्सु भागात भूकंप झाला आणि पुढच्या वर्षीपासून गाव पुन्हा उभं राहावं म्हणून फिनिक्स नावाचा हा आतषबाजीचा भाग सुरू झाला. नदीकाठाने जवळजवळ दोन किलोमीटरच्या पट्ट्यात एकाच वेळी दारूकाम उडतं. काठावरून १४ मिमीच्या भिंगातही तो अख्खा मावत नाही. डिजिटलवर मी एफ/२२ आणि दोन-दोन सेकंद ठेवले; फिल्मचं शटर एकदाच उघडलं, मिटलं आणि मग नुसती बघत राहिले. आजोबांनीही पंखा मांडीवर ठेवला होता.

सगळं संपल्यावर लोक उठत नाहीत. मोबाइलचे दिवे आणि टॉर्च हलवून पलीकडच्या काठावरच्या कारागिरांचे आभार मानतात, आणि तिकडून तेही लाल मशालींनी उत्तर देतात. ट्रायपॉड इतक्यात आवरू नका. एफ/४, पंधरा सेकंद, कॅमेरा गर्दीकडे वळवलेला: माझ्या अख्ख्या रोलमधली मला सर्वांत आवडलेली स्लाइड हीच आहे. बसायच्या जागांना तिकीट असतं, आणि मुक्काम गावातच हवा असेल तर बुकिंग फार आधी करा; परतीच्या गाडीसाठी स्टेशनावर मध्यरात्रीपर्यंत रांगा असतात.