परात का थांबली?

आमच्या सरफेस क्लीनरला, म्हणजे जोराच्या पाण्याने फरशी धुवायच्या यंत्राला, घरात सगळे परात म्हणतात. वीस इंची स्टीलचं झाकण, वर हँडल, खाली आडवा दांडा आणि दांड्याच्या दोन टोकांना दोन नोझल. पहिल्यांदा घरी आणला तेव्हा आई म्हणाली, "एवढी मोठी परात कशाला रे, लग्न काढलंय का कुणाचं?" तेव्हापासून ती परातच.

गेल्या जानेवारीत पिंपळगाव बसवंतजवळ एका द्राक्षाच्या पॅकहाउसचं काम होतं. सीझन सुरू व्हायच्या आत सगळा काँक्रीटचा फ्लोअर धुऊन द्यायचा. निफाड भागातली थंडी, हात पाण्यात घालवत नव्हता. पाऊण तास झाला असेल, परातीचा आवाज बदलला. एरवी घूंऽऽ असा एकसुरी असतो, त्यात घरघर यायला लागली. मी म्हटलं, होईल नीट. आणि पुढच्याच मिनिटाला दांडा फिरायचाच थांबला. तो फिरत असतो तोवर पाणी पसरून लागतं. थांबला की १५० बार दाबाची धार एकाच जागी बसते. मला कळून ट्रिगर सोडेपर्यंत काँक्रीटवर दोन पांढरे ओरखडे उमटले होते. मालक बाजूलाच चहा पीत उभा.

घरी येऊन गॅलरीत पेपर अंथरला आणि स्विव्हल खोललं. स्विव्हल म्हणजे परातीच्या मधोमध बसलेला तो पितळी गट्टू. वरून होजचं पाणी येतं ते स्थिर असतं, खालचा दांडा फिरत असतो, आणि या दोघांची गाठ इथं पडते. दांड्याला मोटर वगैरे काही नसते. नोझल जरा तिरके बसवलेले असतात, पाणी एकीकडे सुटतं आणि दांडा उलट्या बाजूला ढकलला जातो. सगळा भार आतल्या बेअरिंगांवर. पाण्याला अडवून धरायचं काम सीलचं. सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये, आणि मग गंज.

आतून कॉफीच्या रंगाचं पाणी निघालं. खालच्या मजल्यावरचा पोरगा शेजारी उकिडवा बसून बघत होता. त्याला बेअरिंगची गाडी करायची होती. त्याने ते बोटावर फिरवलं, कानाशी नेलं आणि म्हणाला, "काका, आत वाळू आहे." वाळू नव्हती, गंजलेल्या गोळ्या होत्या, पण त्याचं निदान बरोबर होतं. गाडीला मात्र ते फारच लहान पडलं.

आता कबुली. हे बेअरिंग ग्रीस कमी पडून गेलं नव्हतं, जास्त झाल्यामुळे गेलं होतं. अकरा वर्षं सातपूरला लेथवर काढली, तिथली सवय: निपल, म्हणजे ग्रीस भरायचं बारीक तोंड, दिसलं की ग्रीसगन लावायची आणि जोर लागेपर्यंत दाबायची. दिवाळीत मी तेच केलं होतं. वर आणखी दोन दणके, प्रेमाने. लिव्हरच्या साध्या हातगनचा दाबसुद्धा शेकडो बारमध्ये जातो, आणि बेअरिंगचं सील म्हणजे रबराची पातळ, ओठासारखी कड. ती उलटली. ग्रीस बाहेर, पाणी आत. वरून सगळं छान चोपडलेलं दिसत होतं म्हणून मी खुशीत.

आता मी असं करतो. होज काढून टाकायची, परात उलटी ठेवायची, निपल फडक्याने पुसायचं. नाहीतर बाहेरची रेती आपणच आत ढकलतो. मग एका हाताने दांडा सावकाश फिरवत गनचा एक दाब. थांबायचं. परत एक. स्विव्हलच्या बाजूच्या बारीक भोकातून स्वच्छ ग्रीसचा थेंब डोकावला की बस. माझ्या मशीनला दोन-तीन दाबांत होतं, तुमच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा. आणि निपलच नसेल तर तुमचं सीलबंद बेअरिंगवालं आहे, त्याला भोक पाडून ग्रीस भरायची हुशारी करू नका. (करणारा माणूस मला माहीत आहे.)

ग्रीस पाण्याला दाद न देणारं हवं. मी लिथियम कॉम्प्लेक्स वापरतो, बोटींसाठी मिळतं ते मरीन ग्रीसही चालतं. गॅरेजमधल्या उघड्या डब्यातलं कुठलंही उचलू नका. सोडियमवालं निघालं तर पाण्यात विरघळून जातं.

त्या बारीक भोकाबद्दल आणखी एक. पुष्कळ जण त्याला गळती समजून एम-सील लावतात. अहो, ते मुद्दाम ठेवलेलं असतं! आतलं मुख्य सील झिजलं की पाणी बेअरिंगकडे न जाता या भोकातून बाहेर यावं, म्हणून. तिथून पाणी ठिबकायला लागलं की नवीन सील किट आणायची वेळ झाली. मला किट आठशेला पडलं, अख्खं स्विव्हल त्याच्या पाचपट सांगत होते. भोक बुजवलंत तर तेच पाणी मुकाट्याने बेअरिंग खातं.

दुसरा शत्रू नोझल. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी असलं तर ठीक, पण सोसायट्या धुवायला बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी देतात. त्यातला क्षार किंवा टेफ्लॉन टेपचा एखादा तुकडा एका नोझलमध्ये अडकला की दुसरं एकटंच जोर करतं, दांडा डगडगतो आणि तो हादरा थेट बेअरिंगला. फरशीवर एकसारखी सफाई न होता गोल पट्टे दिसले की आधी नोझल काढून तारेने साफ करा. दोन्ही नोझल एकाच मापाचे हवेत, बदलायचे तरी जोडीनेच. फिल्टर रोज.

काम संपलं की दोन मिनिटं नुसतं पाणी सोडतो, विशेषतः क्लोरीन किंवा साबण वापरला असेल तेव्हा. मग होज काढून दांडा हाताने गरकन फिरवायचा. गुळगुळीत फिरून हळूच थांबला पाहिजे. कटकट आली किंवा दांडा वर-खाली हलला की त्या परातीला दुसऱ्या दिवशी कामावर नेत नाही. टेम्पोत ती दांड्यावर उभी टाकायची नाही, एवढं माझ्या मदतनिसाला अजून दर आठवड्याला सांगावं लागतं.

यंदा त्याच पॅकहाउसचं काम परत मिळालं. ओरखडे तिथंच होते. मालकाने त्यावर क्रेटची थप्पी रचून ठेवली होती, आणि मी परात टेम्पोतून उतरवत असताना त्याने ती थप्पी मुद्दाम बाजूला सरकवून दाखवली.