आमची वाटचाल : कमानीच्या भट्टीपासून गॅस शॉकअपपर्यंत

जालन्यात मंठा रोडला आमचं गॅरेज आहे. पाटीवर ‘सस्पेन्शन, बुशिंग, अलाइनमेंट’ एवढंच लिहिलंय, म्हणजे धक्के झेलणारे भाग, त्यांच्या सांध्यांतले रबरी बुश आणि चाकांची रेषा. इंजिनाचं काम घेत नाही, एसीचं नाही, डेंटिंग-पेंटिंग तर नाहीच. गाडीच्या नुसत्या खालच्या अंगावर कुणाचं पोट भरतं का, असं आमच्या सासरेबुवांनी भर बैठकीत विचारलं होतं. भरतं.

सुरुवात ट्रकच्या कमानींपासून, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांपासून, झाली. मिलमधून सळया भरून निघालेले ट्रक, बियाण्याच्या गाड्या, मोसंबीचे टेम्पो, सगळे वरपर्यंत लादलेले. पाटे तुटायला तोटा नव्हता. चाचा आमचे भागीदार. भट्टी त्यांची, जागा आमची, गल्ला निम्मा निम्मा. कागद कधी केला नाही. बसलेला पाटा लाल करून ऐरणीवर पुन्हा बाक द्यायचा, तेलात विझवायचा आणि मग परत बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. ही शेवटची पायरी बाकीचे गाळायचे आणि त्यांचे पाटे त्याच हंगामात मोडून यायचे. मोडलेल्या पाट्याला वेल्डिंग मारून देणं चाचांना मान्य नव्हतं. गिऱ्हाईक कितीही गयावया करू दे, “पाटा बदल, नाहीतर पुढचं दुकान बघ.”

2005 साली स्विफ्ट आली आणि आमच्याकडच्या पोरांना गाडी वळणात घालायची चटक लागली. चाचा म्हणायचे, छोट्या गाडीत काय कमान अन् काय पाटा, पुढं स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र), मागं बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा), खेळणंच की. पण पहिल्या गाडीचा कोपरा गुडघ्याने दाबून सोडला त्यांनीच. “आधी दाबून बघ, मग खोल.” दाबून सोडलेली गाडी एकदा वर येऊन जागेवर बसली पाहिजे. डोलत राहिली तर शॉकअप, म्हणजे शॉक अब्झॉर्बर, गेला, मग बाहेरून तो कितीही कोरडा दिसो.

ती पहिली गाडी डॉक्टरसाहेबांची. दर आठवड्याला परतूरला ओपीडीसाठी जायचे. तक्रार अशी, की गाडी वळणावर झोपते आणि उंचवट्यावरून उतरली की डोलतच राहते. आमच्या भागातल्या रस्त्यांना ती खोड आहेच. खाली काळी माती. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्यासोबत लाटा धरतं. खड्डा दिसतो, लाट दिसत नाही. एखादी लाट वळणावर आली की कच्च्या शॉकअपची गाडी बाहेर फेकली जाते.

डॉक्टरांना वाटलं होतं आम्ही कडक स्प्रिंगा घालणार. आम्ही कंपनीच्याच ठेवल्या. चारी शॉकअप गॅसचे घातले, लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश आणि स्ट्रटच्या डोक्यावरचे माउंट बदलले. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. तिची उसळी मारायचं काम शॉकअपचं, आतलं तेल बारीक व्हॉल्व्हमधून ढकलून. तेल तापून फेसाळलं की शॉकअपचा जोर जातो, म्हणून गॅसच्या शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन. नव्या कडक स्प्रिंगेवर जुना शॉकअप म्हणजे दांडग्या बैलाला सुतळीची वेसण. परतूरला जाऊन आल्यावर डॉक्टर म्हणाले, “गाडी तीच आहे ना?” त्यांची आता तिसरी गाडी आमच्याकडे येते.

त्या कामात एक गोष्ट केली होती ती आजही अर्धे गॅरेजवाले करत नाहीत. आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडी तिच्या रोजच्या उंचीवर, मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरल्या जोरानेच आवळणारा पाना. लटकलेल्या गाडीत आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग कंपनीच्या मालाला शिव्या. आमचा टॉर्क रेंच मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणलाय. तो कुणाला उसना मिळत नाही, मागूही नये.

आता जे लिहायचं ते लिहितो. आमच्यापासून जवळच एक दुकान उघडलं. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. काचेची केबिन, निळे लाइट, आणि धंदा काय, तर गॅस कटरने स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवायची. पोरं रांगा लावायची. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग 20 टक्के कडक होते, त्यामुळे पहिले काही दिवस गाडी वळणावर खरंच बरी वाटते. पण शॉकअपला खाली दबायला जागा उरत नाही, गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आपटायला लागते, कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बिघडून टायर आतून घासतात. आणि मागे बीमवरची सुटी स्प्रिंग, चाक लटकलं की सैल होऊन जागा सोडते. आमचा तयार केलेला पोरगाही त्यांनी दुप्पट पगारावर नेला. ते चालायचंच.

तिथलीच एक कापलेली गाडी आमच्याकडे अलाइनमेंटला आली. आम्ही नाही म्हटलं. जॉब कार्डावर लिहिलं, ‘मागील दोन्ही स्प्रिंगा कापलेल्या, काम केले नाही, गाडी चालवू नये’, आणि खाली गिऱ्हाइकाची सही घेतली. पोरगा सही करून हसत गेला. काही दिवसांत वाटूर फाट्याच्या अलीकडे, एका उंचवट्यावरून उतरताना गाडी चरात गेली. पोराचा हात मोडला, जीव वाचला. आणि त्या केबिनीतून बातमी सुटली : अलाइनमेंट मंठा रोडवाल्यांनी केलं होतं. गाडी आमच्या दारात उभी असलेली अख्ख्या रोडने पाहिली होती. मग कोण ऐकतं?

विम्याचा सर्व्हेअर आला. जॉब कार्डाची कार्बन कॉपी त्याच्यापुढे ठेवली. गाडीखाली नेऊन स्प्रिंग दाखवली. जागेवरून निसटून तिरकी झालेली, कापल्या टोकाला कटरचे ओघळ आणि मागे वेढाभर निळसर झाक. पोलादाला तशी झाक आली म्हणजे ते तिथे तापलं, त्याचं पाणी उतरलं, कणखरपणा गेला. माणूस जाणता होता, दोन मिनिटांत समजला. पण सर्व्हेअरचा अहवाल कुणी चौकात लावत नाही. हॉटेलवर आमचंच नाव चालू राहिलं. गाड्या थांबल्या. बुश काढायचा हायड्रॉलिक प्रेस विकावा लागला. ज्याने घेतला त्याने भावही पाडून दिला. त्या काळात चाचांनी हिशोबाला हात लावला नाही, की आपला निम्मा मागितला नाही.

डॉक्टरसाहेबांनी एक केलं. गाडीला काही झालेलं नसताना सकाळी आमच्या दारात आणून लावायचे आणि रिक्षाने दवाखान्यात जायचे. संध्याकाळपर्यंत गाडी तिथंच. नंतर दवाखान्याची अँब्युलन्सही आमच्याकडेच यायला लागली. लोक बोलण्यापेक्षा उभी गाडी जास्त बघतात, हे त्यांनी ओळखलं होतं. धंदा हळूहळू वर आला, पुढची वर्षं बरी गेली, प्रेस नवा घेतला.

11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि तक्रारी बदलल्या. वेगमर्यादा ताशी 120 किलोमीटरची. त्या वेगात गाडी तरंगते, आडवं वारं लागलं की लेन सोडते, असं सांगत लोक यायला लागले. पोरं मोबाइलवर बघून थेट जाड स्टॅबिलायझर बार, म्हणजे वळणात गाडी झोपू न देणारा दांडा, मागतात. बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो : 20 मिलिमीटरच्या जागी 22 चा घातला, तर जवळपास दीडपट. नुसता पुढचा जाड केला तर गाडी वळणात नाक बाहेर काढते, नुसता मागचा केला तर शेपूट. आम्ही आधी टायरमधली हवा, टायरचं वय, बुश, शॉकअप बघतो. निम्म्या गाड्यांचं काम तिथंच संपतं आणि आमचं बिल लहान होतं. स्प्रिंगेच्या वेढ्यांत घालायचे रबरी बफर आम्ही विकत नाही. गाडी उंच करायला येणाऱ्यांना गाडीच्या मूळ रचनेतल्या फेरफाराबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून दाखवतो, बहुतेक रागावून जातात.

चाचा गेले. त्यांचा नातू अलाइनमेंट मशीनवर बसतो. दोरी आणि स्टीलच्या पट्टीने टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलीत ते, काढायलाही त्याला शिकवलंय, लाइट गेली तर अडायला नको. कापलेली ती स्प्रिंग सर्व्हेअरचं काम झाल्यावर पोराच्या वडिलांनी स्वतः आणून दिली, ती काउंटरमागे टांगलीय. केबिनीवाल्याने आता स्प्रिंगा कापणं सोडलंय, गॅसचे शॉकअप विकतो. जे बोलला त्याबद्दल चकार शब्द नाही. अलाइनमेंटला गाड्या मात्र आमच्याकडे पाठवतो, आणि वर कमिशन मागतो. देत नाही.