सरांची हरकत

रहस्यकथा परत आली की देवघेवीच्या टेबलावर "झकास" किंवा "शेवट गुंडाळलाय" एवढ्यावर भागतं. ऐतिहासिक कादंबरीबद्दल लोक आवाज खाली घेऊन, आदराने बोलतात. पण घर, लग्न, भावंडं, म्हातारे आईवडील अशा रोजच्या जगण्यावरची कादंबरी परत आली की वाचक टेबलाशी थांबतो. "त्या सुनेने तेव्हाच बोलायला हवं होतं." "एवढी शिकलेली, तरी माहेरी का नाही आली?" जणू ही माणसं शेजारच्या वाड्यात राहतात. "काही घडतच नाही हो यात, आमच्या घरातलंच सगळं," हे एकच वाक्य कुणी नाराज होऊन म्हणतं, तर कुणी डोळे चमकावून.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ग्रंथपाल आहे. आमचं वाचनालय 'ब' वर्गातलं. दोन कपाटं आणि भिंतभर फळ्या केवळ कादंबऱ्यांच्या. मी सांगते आहे ती गोष्ट एका अर्जाची.

अर्ज आमच्या आजीव सभासदाचा, एका निवृत्त मुख्याध्यापकांचा होता. गावात त्यांना नुसतं 'सर' म्हटलं की पुरतं. सोबत आणखी काही सह्या. मागणी अशी, की सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्ल्यू' ही कादंबरी संग्रहातून काढून टाकावी, कारण तिच्यात मराठी मध्यमवर्गीय कुटुंबाचं विकृत चित्रण आहे. कादंबरी 2006 सालची. आमच्या फळीवर ती बरीच वर्षं कुणाच्या डोळ्यावर न येता उभी होती. 2022 मध्ये तिच्यावरचा सिनेमा आला, मागणी वाढली, आणि अर्जही आला.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पुण्यातलं जोशी कुटुंब. घरातली एक खोली एका तरुणाला भाड्याने दिली जाते. त्याच्यावर त्या घरातल्या तनयचा जीव जडतो, आणि त्याची बहीण अनुजा हिचाही. तो अनुजाला घेऊन निघून जातो, पुढे तिलाही सोडून जातो. पहिला भाग तनय सांगतो, दुसरा अनुजाची डायरी. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला त्या मर्यादेत रद्द केलं. त्याच्या बारा वर्षं आधी हे पुस्तक मराठीत छापून आलं होतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

अध्यक्ष म्हणाले, "बैठकीत विषय घेण्याआधी वाचणाऱ्यांचं म्हणणं तर ऐका." 15 ऑक्टोबर जवळ आला होता. त्या दिवशी डॉ. कलाम यांची जयंती वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी करायची असतेच. सकाळी शाळेच्या मुलांचं वाचन ठेवलं आणि दुपारी ही चर्चा. अट एकच घातली: शेवटच्या पानापर्यंत ज्याने वाचलं असेल त्यानेच बोलायचं.

बोलवायचं कुणाला, हे पुस्तकानेच सांगितलं. आमच्याकडे एक काकू आहेत. वाचून झालेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून त्या पंचविसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक टिंब देतात. नियमात बसत नाही, पण ते टिंब खोडायला माझा हात धजत नाही. 'कोबाल्ट ब्ल्यू'च्या जुन्या प्रतीत ते टिंब होतं. म्हणजे सगळा गाजावाजा होण्याच्या कितीतरी आधी, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या या बाईंनी कादंबरी वाचून मुकाट परत केली होती.

दुपारी कलामांच्या फोटोशेजारी खुर्च्या गोल मांडल्या. सर वेळेआधी आले, हातात पुस्तक, त्यात कागदाच्या चिठ्ठ्या. "अर्ज दिला तेव्हा अर्धीच वाचली होती. आता पूर्ण वाचली," असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मला त्यांचा तिथेच आदर वाटला.

कॉलेजातला एक मुलगा आधी बोलला. एकाच माणसाबद्दल दोघं सांगतात, पण दोघांचा तो माणूस वेगळाच वाटतो, आणि त्याचं नाव शेवटपर्यंत कळत नाही, हे त्याला आवडलं होतं. हे बोलताना तो कुणाकडे बघत नव्हता.

मग एसटीत कंडक्टर असलेल्या ताई. ड्युटीच्या मधल्या वेळेत डेपोत बसून वाचणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, मला त्या तनयचं लई वाईट वाटलं. अनुजा परत आली तर सगळं घर तिच्याभवती. ती रडली तरी कारण हाय, सगळ्यांना ठावं हाय. ह्याचं पण माणूस गेलंय की! पण ह्यानं रडायचं कुणापुढं? ह्यानं काय म्हणून सांगायचं?"

या कादंबरीबद्दल मी बरंच वाचलंय. ती उभीच आहे या एका गोष्टीवर, आणि ती इतक्या नेमक्या शब्दांत मला कुठेच सापडली नव्हती.

सर म्हणाले, "अशी घरं आपल्याकडे नसतात." आवाज चढलेला नव्हता.

काकू इतका वेळ चष्मा पुसत होत्या. "असतात हो, सर. मी त्या आईचा विचार करत होते. दोन लेकरं एकाच माणसापायी झुरतायत आणि आईला पत्ता नाही, असं कसं? आईला कळतं. पण कळलं म्हटलं की पुढे काहीतरी करावं लागतं. म्हणून बायका न कळल्यासारखं करतात. मीही केलंय."

काय केलं होतं, ते कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

सरांनी एक चिठ्ठी काढली, पुन्हा आत ठेवली. मग जे बोलले ते अर्जात कुठेच नव्हतं. "माझी खरी हरकत वेगळी आहे. खोली भाड्याने देणारे, पोरीच्या लग्नाची घाई करणारे, एवढेच का आईबाप? त्यांच्या पोटात काय कालवलं असेल, त्याचं एक वाक्य नाही. मी घर चालवलंय. मुलांची दुखणी, फिया, रुसवेफुगवे काढलेत. आम्हाला या पुस्तकात आतली बाजूच नाही."

"सर, गोष्ट पोरं सांगतायत," ताई म्हणाल्या. "पोरांना आईबाप तेवढंच दिसत्यात."

"असेल. पण मला ते सोसत नाही."

समीक्षकाच्या भाषेत हा निवेदनाच्या दृष्टिकोनाचा मुद्दा झाला असता. सर तिथे बाप म्हणून पोचले होते आणि काकू आई म्हणून. ताई कशा पोचल्या ते त्यांनाच ठाऊक. कुटुंबावरची कादंबरी माणूस घरातल्या आपल्या जागेवरूनच वाचतो. याला कच्चं वाचन म्हणणारे मला बरेच भेटलेत. मला ते मुळीच पटत नाही. त्या जागेवरून जे दिसतं ते दुसऱ्या कुणाला दिसतच नाही, आणि बापाच्या जागेवरून या पुस्तकातली एक रिकामी जागा सरांनी बरोबर हेरली होती.

सरांनी अर्ज मागे घेतला नाही, मजकूर मात्र बदलला. पुस्तक काढू नका, पण खुल्या फळीवर न ठेवता मागणी आली तरच द्या. याला मी बैठकीत कडाडून विरोध केला. आमच्या टेबलाशी सदैव पाचसात ओळखीचे लोक उभे असतात. ज्याला या पुस्तकाची सर्वांत जास्त गरज आहे, तो पोरगा सगळ्यांदेखत त्याचं नाव घेऊन ते मागणार नाही. फळीवरून हाताला लागलं तरच वाचेल. समितीने हे मान्य केलं आणि सरांना अभिप्रायाच्या वहीत आपलं म्हणणं लिहायची विनंती केली. त्यांनी दोन पानं लिहिली, आणि त्यांच्याखाली आणखी कुणीकुणी लिहितं आहे.

जाताना सरांनी विचारलं, "मोठ्या माणसांची आतली बाजू असलेली एखादी नवी कादंबरी आहे का?" सरांचा विषय हिंदी. मी गीतांजली श्री यांची 'रेत समाधि' मूळ हिंदीतूनच दिली. 2018 ची कादंबरी; तिच्या इंग्रजी अनुवादाला 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, तेव्हा आम्ही ती घेतली होती. नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलेली ऐंशी वर्षांची आई, आणि ती उठल्यानंतरचं सगळं.

सरांनी मुदत दोनदा वाढवून घेतली. परत करताना काकूही टेबलाशी होत्या.

"भाषा कठीण, पण बाई जबरदस्त आहे," सर म्हणाले. "फक्त मुलाचं घर सोडून ती मुलीकडे राहायला जाते, ते मला खटकलं. त्या मुलाचं चुकलं काय?"

"काही चुकलं नसेलही," काकू म्हणाल्या. "तरी जाते ना? मग द्या इकडे."

मी नोंद करून पुस्तक काकूंच्या हातात दिलं. पुढच्या चर्चेला तेच घेतलं आहे. ताईंनी ड्युटी बदलून मागितली आहे.