तिथीची पाऊणपट आणि डबाभर कालवं

कालवं, म्हणजे समुद्रकाठच्या खडकांना चिकटलेली शिंपल्यांतली ऑयस्टर, काढायला जायचं तर आधी कालनिर्णय बघायचं, हे मला लग्न होऊन रत्नागिरीकडे आल्यावर कळलं. घाटावरच्या माझ्या माहेरी तिथी लागायची ती उपासापुरती. इथे शेजारच्या काकी तिथी विचारतात, तिची पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ सांगून मोकळ्या होतात. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास. तिथून सहा तासांनी, नऊला, पूर्ण ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. मी मोबाईलवरही वेळ बघते, तिथे ती मिनिटांसकट मिळते. पण काकींच्या तोंडी हिशेबाने आमचा कधी खोळंबा झालेला नाही.

अर्थात वेळ कळली म्हणून कुठलाही दिवस चालतो असं नाही. सप्तमी-अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी; पाणी फारसं उतरतच नाही, खालची खडपं, म्हणजे किनाऱ्याचे खडक, बुडालेलीच राहतात. अमावास्या-पौर्णिमा उलटून एक-दोन दिवस झाले की उधाणाचं पाणी सगळ्यात लांब जातं. द्वितीयेला दीडची भरती, म्हणजे सकाळी साडेसात-पावणेआठची ओहोटी. ऊन तापायच्या आत काम उरकतं, म्हणून बायका हेच दिवस धरून ठेवतात. घरातून मात्र दीड-दोन तास आधीच निघायचं. पाणी उतरेल तसं त्याच्या मागोमाग आपणही खाली सरकायचं.

मला वाटलं होतं, अवघड काम फोडण्याचं असेल. खरी परीक्षा पायांची. कालवाच्या शिंपल्याची कड ब्लेडसारखी असते आणि सगळं खडप तशा कडांनी भरलेलं. काकी कासोटा मारून, जुन्या स्लिपरा सुतळीने पायाला बांधून चालतात. मी कॅनव्हासचे बूट घालते. "पाय उचलून टाकू नको गो, आधी चाचप, मग भार दे," हे त्या अजूनही सांगतात. थंडीच्या दिवसांत खडपावर हिरवं शेवाळ चढतं, त्यावरून तर भल्याभल्यांचा पाय सटकतो. तिकडे तमिळनाडूत पांबनच्या बाजूला बायका पिढ्यान्‌पिढ्या समुद्रातलं शेवाळ काढून विकतात, त्यातल्या काही जातींपासून आपल्या स्वयंपाकघरातलं चायना ग्रास होतं. हे काकींना सांगितलं तर म्हणाल्या, "आमच्या शेवाळाला गिऱ्हाईक असेल तर बघ, घसरण तरी कमी होईल!"

आता फोडणं. हत्यार साधंच, लाकडी मुठीची आणि टोक वाकवलेली छोटी लोखंडी सळई. कालवाचे दोन शिंपले असतात. एक दगडाला सिमेंट लावल्यासारखा कायमचा चिकटलेला, दुसरा त्याच्यावर झाकणासारखा. झाकणाच्या कडेला नेमका ठोका द्यायचा, ते उडवायचं आणि टोकाने आतलं मांस अख्खं उचलून डब्यात टाकायचं. ठोका जोरात बसला की शिंपल्याचा चुरा मांसात घुसतो आणि घरी निवडताना जीव जातो. फार हळू ठोकलं तर झाकण निघत नाही. काकींच्या हाताचा टक-टक आवाज एका लयीत चालतो, माझा कधीच तसा चालत नाही.

फोडण्याच्या आधी ओळखायचं असतं, आणि काकींची खरी कमाई तिथे आहे. जिवंत कालव पाण्याबाहेर झाकण घट्ट मिटून बसतं. मेलेल्याचं तोंड फाकलेलं असतं, आत चिखल भरलेला, ठोकलं तर पोकळ वाजतं. बारकी कालवं त्या सोडून देतात. खालचा शिंपला दगडावरच राहू देतात. तो उचकटायला फार त्रास पडतो हे एक कारण. दुसरं असं की कालवाची पिल्लं पाण्यात पोहत येऊन टणक जागा शोधतात, आणि जुन्या शिंपल्यावर ती आवडीने बसतात. काकींना हे कुणी पुस्तकातून सांगितलेलं नाही. त्या एवढंच म्हणतात, "जुन्या घरावरच नवं घर बसतं."

पाणी फिरलं की निघायचं, मग डबा अर्धा असला तरी. भरतीचा पहिला तास फसवा असतो, पाणी वाढतंय असं वाटतच नाही. तिसऱ्या-चौथ्या तासात ते सगळ्यात जोराने चढतं आणि मागच्या खोलगट वाटा आधी भरतात. म्हणून काकी परतीची वाट येतानाच बघून ठेवतात. डबा तिथेच, समुद्राच्या पाण्यात हलका विसळतात.

एवढं करून डब्यात किती पडतं? सकाळभर वाकून पाठीचा काटा ढिला होतो आणि जमतं ते एका घराला दोन वेळा पुरेल इतपत. बाजारात त्याचे वाटे लागतात आणि गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "एवढुशा कालवांना एवढे पैसे?" मीही पूर्वी घासाघीस करायचे. आता काकींचा वाटा आहे त्या भावाने घेते आणि शेजारी कोणी भाव पाडायला लागलं तर मध्ये बोलतेसुद्धा. पावसाळ्यात हे सगळं बंद. समुद्र खवळलेला, खडपावर उभं राहता येत नाही आणि खाडीतून गढूळ गोडं पाणी उतरलेलं असतं. कालव आजूबाजूचं पाणी गाळूनच पोट भरतं, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात उतरतं. गटाराच्या तोंडाजवळची कालवं काकी एरवीही घेत नाहीत.

घरी आणल्यावर एकेक कालव बोटांत धरून कचकच निघेपर्यंत तीन-चार पाण्यांतून काढायचं. कांदा, आलं-लसूण, हळद-तिखट परतून कालवं टाकायची. ती स्वतःचं पाणी सोडतात, वरून पाणी घालायची गरज नाही. मांस आकसून कडा मुरडल्या की झालं, जास्त वेळ ठेवली तर रबर चावल्यासारखी लागतात. मग दोन-चार आमसुलं आणि मूठभर ओलं खोबरं. मीठ अगदी शेवटी, चव बघून घालायचं, कारण कालवाच्या अंगचं पाणी आधीच खारट असतं.