फळ्यावरची चार उत्तरं

बीजगणित नुकतंच सुरू झालं होतं आणि त्या दिवशी मी अपूर्णांकांची समीकरणं घेत होते. फळ्यावर एकच उदाहरण होतं:

(क्ष − १)/२ − (क्ष − ३)/३ = २

दहा मिनिटांनी विचारलं, "कुणाचं काय आलं?" कुणी म्हणालं ९, कुणी २१, कुणी उणे १. मागच्या बाकावरून एकाने हळूच ११ सांगितलं. चारही उत्तरं मी एकाखाली एक लिहिली. मग हात वर करायला लावले, तर प्रत्येक उत्तराला चार-पाच तरी हात होतेच.

एरवी ९ भोवती गोल करून मी बाकीची उत्तरं पुसली असती. त्या दिवशी डस्टर उचलवेना. चार-पाच मुलं वेगवेगळ्या बाकांवर बसून एकच चुकीचं उत्तर काढतात, तेव्हा तो धांदरटपणा नसतो. त्यांच्या डोक्यात एखादा नियम बसलेला असतो आणि तो त्यांनी मनापासून पाळलेला असतो. तो नियम कोणता, हे मला त्या दिवशी बघायचंच होतं.

"ताळा करा," म्हटलं. क्ष = ९ ठेवलं: ८/२ म्हणजे ४, ६/३ म्हणजे २, वजाबाकी २. जुळलं. मुलं वह्या मिटायला लागली. मी थांबवलं. म्हटलं, उरलेल्या तिन्ही उत्तरांचाही ताळा करायचा.

उणे १ ठेवल्यावर पहिला अपूर्णांक −१ झाला, दुसरा −४/३. पहिल्यातून दुसरा वजा केला की −१ + ४/३, म्हणजे १/३. हवे होते २. मी पुढच्या उत्तराकडे वळणार, तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, १/३ म्हणजे २ चा सहावा भाग."

अख्ख्या वर्गाने छेदांचा लसावि ६ च काढला होता! मी उणे १ वाल्या एकीची वही मागून घेतली. तिची दुसरी ओळ अशी होती:

३(क्ष − १) − २(क्ष − ३) = २

डावी बाजू सहापट झाली होती, उजवी होती तशीच. "२ ला का नाही गुणलंस?" मी विचारलं. ती म्हणाली, "त्याला छेदच नाही ना, बाई."

हे वाक्य मला फार लागलं, कारण त्यामागे माझेच शब्द होते. "आधी छेद काढून टाका" असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. छेद काढणं एवढंच काम असेल, तर ज्याला छेद नाही त्याला हात कशाला लावायचा? तिचं काहीच चुकलं नव्हतं. छेद काढणं हा परिणाम आहे. खरी कृती आहे दोन्ही बाजूंना, त्यांतल्या प्रत्येक पदाला, एकाच संख्येने गुणणं. मग मी '=' या चिन्हाबद्दल बोलले. रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने १५५७ साली ते छापलं, तेव्हा दोन समांतर रेघा का निवडल्या तेही लिहिलं: याहून सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. एका रेघेला सहापट ताणलं तर दुसरीलाही तेवढंच ताणायला हवं.

"मग १२ ने गुणलं तर?" चालेल, आकडे मोठे होतील इतकंच. "आणि शून्याने?" छेद जातील, पण क्षही जाईल आणि हातात ० = ० उरेल. हा प्रश्न कुणीतरी विचारला याचा मला फार आनंद झाला.

२१ चा ताळा १० − ६ = ४ असा आला. इथे २ ला गुणलं होतं, पण दुसऱ्या ओळीत −२क्ष − ६ होतं. मुलांनी २ ने गुणताना कंस घातला नव्हता, त्यामुळे वजाचं चिन्ह फक्त क्षपर्यंत पोचलं. अपूर्णांकाची आडवी रेघ कंसाचंही काम करत असते. ती रेघ गेली की तिच्या जागी कंस यायलाच हवा, नाहीतर अंशातली पदं सुटी होतात. −२ गुणिले −३ म्हणजे अधिक ६.

मग मी विचारलं, "२१ हे कोणत्या समीकरणाचं बरोबर उत्तर आहे?" थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग एकाने दुसऱ्या अंशात क्ष − ३ च्या जागी क्ष + ३ लिहून पाहिलं. २०/२ वजा २४/३, म्हणजे १० − ८ = २. जुळलं! त्यावर उणे १ वाली मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे माझं समीकरण उजवीकडे १/३ असलेलं!"

राहिलं ११. ज्याने ते सांगितलं होतं, तो मागच्या बाकावरचा मुलगा मान खाली घालून वहीत काहीतरी करत होता. त्याच्याकडून दोन्ही चुका झाल्या होत्या. मला वाटलं तो उत्तर खोडतोय. जवळ जाऊन पाहिलं, तर समासात लिहिलं होतं:

(क्ष − १)/२ − (क्ष + ३)/३ = १/३

खाली ताळा: ५ − १४/३ = १/३. दोन्ही बदल त्याने एकत्र करून पाहिले होते. मी ते समीकरण फळ्यावर ११ च्या शेजारी लिहायला लावलं.

तास संपायला पाच मिनिटं होती. मी मुद्दाम लिहिलं: सरळ रूप द्या, क्ष/२ + क्ष/३. बऱ्याच जणांनी ६ ने गुणून ५क्ष लिहून टाकलं. मागच्या बाकावरचा तो मुलगा मात्र पेन धरून नुसताच फळ्याकडे बघत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाई, यात बरोबरचं चिन्हच नाहीये. ६ ने गुणलं तर दुसरीकडे कुठे गुणायचं?"

आणि मग त्याने ५क्ष लिहून, खाली रेघ मारून ६ लिहिला.