कपाटाच्या दारामागच्या तारखा

आमच्या घरी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या आहेत. गॅसची पासबुकं आणि विम्याचे कागद ठेवतो तेच कपाट. आल्यागेल्याला वाटतं, मुलींच्या उंचीच्या खुणा असतील. त्या तारखा जर्मनीत पैसे भरायच्या आहेत.

मी सत्तावीस वर्षं बँकेत होते. निवृत्त झाल्यावर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी बसून करायचं काय, म्हणून मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपचे कागद सांभाळायला लागले. धंदा ह्यांचा आणि धाकट्या दिरांचा. हे ऑर्डर आणतात, भावोजी मशीनवर. आमचे सासरे कलाभवनात शिकले होते. सयाजीरावांनी १८९० साली तंत्रशिक्षणासाठी काढलेलं ते कलाभवन. त्यामुळे घरात 'हात चालले पाहिजेत' हे वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. भावोजींचे हात चालतात, फक्त तोंडही चालतं. गोष्ट तिथूनच सुरू होते.

औषधांच्या कारखान्यात रिअॅक्टरच्या, म्हणजे माल तयार होतो त्या मोठ्या बंद भांड्याच्या, बुडाला माल काढायचा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या गळ्यात पावडर साचते, घट्ट होते, मग माणूस खालून ठोकत बसतो. भावोजींनी सीटचा, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होताना दांडा जिथे टेकतो त्या कडेचा, कोन बदलला आणि दांडा खाली ओढण्याऐवजी वर रिअॅक्टरमध्ये ढकलला जाईल असं केलं, म्हणजे उघडताना तो स्वतःच गुठळी फोडतो. ग्लँडच्या पॅकिंगमध्येही काहीतरी केलं, ते मला नीट सांगता येणार नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये गांधीनगरच्या एका प्रदर्शनात आम्ही छोटासा स्टॉल घेतला आणि भावोजींनी हौसेने पुस्तिका छापून घेतली. त्यात व्हॉल्व्ह उभा चिरून दाखवलेलं चित्र, कोनाच्या आकड्यासकट. दोन दिवसांत सगळ्या प्रती वाटून मोकळे.

मे महिन्यात एका जर्मन डिस्ट्रिब्यूटरची मेल आली. माल आवडला, पण पहिलाच प्रश्न: याचं संरक्षण काय केलं आहे? मग आम्ही अहमदाबादच्या एका पेटंट एजंटकडे गेलो. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, पानं उलटली आणि म्हणाले, "भाई, आ तो तमे जाते ज छापी दीधुं." तुम्ही स्वतःच छापून टाकलंत.

पेटंटला वस्तू नवी लागते. नवी म्हणजे अर्ज करायच्या दिवसाआधी जगात कुठेही उघड न झालेली, आणि त्यात स्वतः मालकाने केलेला गौप्यस्फोटही धरतात. भारतात प्रदर्शनासाठी सवलत आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनासाठी. आमचं तसलं नव्हतं. म्हणजे भारतातलं पेटंट गेलं आणि जर्मनीतलंही गेलं, कारण या बाबतीत तिथला पेटंट कायदा आणखी कडक. भावोजी गाडीत अहमदाबादपासून बडोद्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत हा विक्रम आहे.

पण जर्मनांकडे पेटंटशिवाय आणखी एक प्रकार आहे, गेब्राउख्समुस्टर. बोलताना लोक त्याला 'छोटं पेटंट' म्हणतात. पद्धतीवर किंवा प्रक्रियेवर ते मिळत नाही, वस्तूवर मिळतं. जास्तीत जास्त १० वर्षं टिकतं, पेटंट २० वर्षं. त्यात एक खिडकी आहे: अर्जदाराने स्वतः केलेलं लेखन किंवा वापर अर्जाआधीच्या सहा महिन्यांतला असेल, तर तो त्याच्या विरुद्ध धरत नाहीत. शिवाय 'वापर' मोजताना फक्त जर्मनीतला वापर बघतात. गांधीनगरच्या स्टॉलवर ठेवलेल्या व्हॉल्व्हशी त्यांना देणंघेणं नाही. आमचं खरं दुखणं छापील पुस्तिका, कारण छापलेलं मात्र जगात कुठलंही असलं तरी विरुद्ध धरतात. पुस्तिका फेब्रुवारीच्या मध्यावर वाटलेली, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत मुदत.

मध्ये आपला कायदा उभा होता. भारतात राहणाऱ्याला थेट परदेशात अर्ज करता येत नाही. आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबा, नाहीतर पेटंट कायद्याच्या कलम ३९ खाली परवानगी घ्या. नमुना २५ भरायचा, साधारण २१ दिवसांत निकाल लागतो. जूनमध्ये भरला, जुलैत परवानगी आली आणि २४ जुलै २०१९ ला म्युनिकच्या पेटंट ऑफिसला अर्ज गेला. तिथे आपला पत्ता नसला तर कामकाजासाठी स्थानिक वकील किंवा पेटंट अॅटर्नी नेमावाच लागतो. आम्हाला एक बाई मिळाल्या. अर्जाची सरकारी फी ऑनलाइन ३० युरो, त्यांची फी मात्र विचारू नका. भाषांतराची त्याहून नको. जर्मनमध्ये एकच शब्द ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, आणि भाषांतराचे पैसे कशावर मोजतात हे मला अजून कळलेलं नाही.

नोंदणी काही महिन्यांत झाली, कारण ऑफिस हे नवं आहे का ते तपासतच नाही. कागद पुरे असले की नोंदवतात. कोणी आव्हान दिलं तर खरी परीक्षा तेव्हा. म्हणून भावोजींना व्हॉल्व्हच्या बॉडीवर 'पेटंटेड' असं ओतून घ्यायचं होतं तेव्हा वकीलबाईंनी ठाम नाही म्हटलं: पेटंट नाही ते पेटंट म्हणायचं नाही. साचा तयार झाला होता. ते अक्षर घासून काढायला एक दुपार गेली.

आता नावाकडे येते. भावोजींनी एका जर्मन कॅटलॉगमध्ये 'व्हेंटिल' हा शब्द पाहिला, त्यांना भारदस्त वाटला, आणि तो ब्रँड म्हणून घ्यायचं ठरवलं. वकीलबाई फोनवर हसल्या. व्हेंटिल म्हणजे जर्मन भाषेत व्हॉल्व्हच. म्हणजे बडोद्यात कोणीतरी 'नळ' या नावाचा ट्रेडमार्क मागावा. मालाचं नुसतं वर्णन करणारा शब्द एकट्याला मिळत नाही. शेवटी सासूबाईंचं नाव घेतलं, गोदा. सासऱ्यांनी वर्कशॉपच्या पहिल्या पाटीवर ते स्वतः ब्रशने रंगवलं होतं. ती देवनागरी पाटीच नोंदवावी असं माझ्या मनात होतं. पण तिथे लॅटिन अक्षरांतला शब्दच शब्द म्हणून नोंदवतात. आपली अक्षरं त्यांच्या लेखी चित्र. म्हणून इंग्रजी अक्षरांत नोंदवलं. ऑनलाइन २९० युरो, त्यात मालाचे तीन वर्ग बसतात. आम्हाला दोन पुरले: ६ म्हणजे धातूच्या वस्तू, ७ म्हणजे यंत्रं आणि त्यांचे भाग. प्रसिद्धीनंतर तीन महिने कोणीही हरकत घेऊ शकतं. कोणी घेतली नाही. सासूबाईंच्या नावाला हयातीतही कोणी हरकत घेतली नव्हती.

नोंदणी प्रसिद्ध झाल्यावर दहा-बारा दिवसांतच पत्रं यायला लागली. जाड कागद, वर गरुडासारखं काहीतरी, खाली आमच्या मार्कचा बरोबर क्रमांक, आणि 'रजिस्टरमध्ये नोंद' करण्यासाठी चौदाशे की पंधराशे युरो, दहा दिवसांत. ह्यांनी चेकबुक काढलंच होतं. मी आधी खातं बघितलं, सवयीने. ऑफिस म्युनिकला आणि खातं तिसऱ्याच देशातल्या बँकेत. खरी फी बुंडेसकासे हाले या सरकारी खजिन्याच्या नावाने जाते. वकीलबाईंना पाठवलं, तर त्यांनी सांगितलं की हा तिथला नेहमीचा धंदा आहे. रजिस्टर सगळ्यांना उघडं असतं, त्यातून नावं उचलून अशी बिलं पाठवतात, आणि पेटंट ऑफिस स्वतःच त्याबद्दल सावध करतं. अशी सात पत्रं माझ्याकडे आहेत. सातवं आलं तोवर छपाई बरीच सुधारली होती.

आणि तरीही पहिला तडाखा मी स्वतः खाल्ला, तोही बँकेत आयुष्य काढून. छोट्या पेटंटला सुरुवातीची तीन वर्षं फीत धरलेली असतात. पुढे चौथ्या ते सहाव्या वर्षासाठी २१०, सातव्या-आठव्यासाठी ३५० आणि शेवटच्या दोन वर्षांसाठी ५३० युरो. अर्ज ज्या महिन्यात केला त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रक्कम देय होते. त्यानंतर दोन महिने जादा आकाराशिवाय चालतं, सहा महिन्यांपर्यंत ५० युरो जास्त देऊन चालतं, मग हक्क संपला. ३१ जुलै २०२२ ची फी मी आरामात सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाठवली. पाठवताना चार्जेसच्या रकान्यात 'दोघांत वाटून' हे राहिलं. मधल्या बँकेने आपला वाटा कापून घेतला आणि खजिन्यात २१० च्या जागी १९० च्या आसपास पोचले. कमी भरलेली फी म्हणजे न भरलेली. नोव्हेंबरात वकीलबाईंची मेल आली. वीस युरोंसाठी पन्नास युरो दंड, वर दुसऱ्यांदा पाठवायचा खर्च. ग्राहकांना हीच गोष्ट मी काउंटरवरून शेकडो वेळा सांगितली असेल. आता 'सगळे चार्जेस आमचे' यावर खूण केल्याशिवाय फॉर्मवर सही करत नाही. आणि हो, ही फी भरायला वकील लागत नाही, कोणीही भरू शकतं. ते कळल्यापासून मीच भरते.

ट्रेडमार्कचं पथ्य वेगळं. अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं, मग ७५० युरो भरून आणखी १०, असं कितीही वेळा. पण नुसतं भरून भागत नाही, नाव तिथे प्रत्यक्ष वापरावं लागतं. सलग पाच वर्षं वापरलं नाही तर कोणीही तो मार्क रद्द करा म्हणू शकतं. म्हणून जर्मनीला पेटी निघाली की मी 'गोदा' दिसेल असा फोटो काढते आणि बिलाच्या प्रतीसोबत फाइलला लावते. पॅकिंग करणारा मुलगा मला 'फोटोवाळी काकी' म्हणतो.

या सगळ्यात एक गंमत आहे, ती भावोजींना अजून पचत नाही. हक्क ज्या देशातला त्या देशापुरता. आमचा जर्मनीत आहे, भारतात नाही. त्यामुळे आमचा व्हॉल्व्ह बव्हेरियात कोणी बनवला तर आम्ही नोटीस देऊ शकतो, आणि मकरपुऱ्यात आमच्या शेडपासून तिसऱ्या शेडमध्ये तो दोन वर्षं खुशाल बनतो आहे. कोनसुद्धा तोच, पुस्तिकेतला. तिथला मालक दिवाळीला मिठाई घेऊन येतो. गेल्या वेळी त्याने काजूकतलीचा डबा ठेवता ठेवता विचारलं, "जर्मनीत कोणी ओळखीचं आहे का? आमचाही माल पाठवायचा विचार आहे." भावोजी हसून म्हणाले, "दुबईला पाठव, मलेशियाला पाठव. तिथे मात्र नको." तो गेल्यावर दिवसभर त्यांना गाणं सुचत होतं.

जुलै २०२५ मध्ये ३५० युरो भरायची वेळ आली तेव्हा ह्यांनी हिशोब मांडला. २०२२ ला युरो ऐंशी रुपयांच्या घरात होता, आता शंभर. जर्मनीला वर्षाला चाळीस-पंचेचाळीस व्हॉल्व्ह जातात. ह्यांचं म्हणणं, सोडून देऊ या, डिस्ट्रिब्यूटर काही पळून जात नाही. भावोजी म्हणाले, "दादा, जगात एका तरी ठिकाणी तो माझा आहे ना?" ह्यावर कुणीच काही बोललं नाही. मी दुसऱ्या दिवशी बँकेत गेले.

कपाटाच्या दारावर आता ३१ जुलै २०२७ आहे, पुढे ५३०. त्याखाली ३१ जुलै २०२९, त्या दिवशी हक्क संपतो. भावोजींनी त्या ओळीपुढे आपल्या अक्षरात लिहून ठेवलं आहे: 'शेजाऱ्याला कळवणे.'