पावडरचा डबा

“घरून टाल्कम पावडरचा डबा घेऊन ये,” मिस्त्रीकाका म्हणाले. मी पाना हातात धरून तसाच उभा.

हर्णैला आमच्या होडीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन गेले काही महिने तेल गाळत होतं. थेंब फ्लायव्हीलखाली, म्हणजे इंजिनमागच्या जड चाकाखाली पडायचे, म्हणून मी ठरवूनच टाकलं होतं: मागचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, गेलं. ते बदलायचं तर गिअरबॉक्स सोडवा, फ्लायव्हील काढा. दोन दिवस तरी गेलेच.

काकांनी आधी इंजिन डिझेलने धुऊन फडक्याने कोरडं केलं. मग मागच्या अंगाला पावडर भुरभुरवली आणि इंजिन चालू केलं. थोड्याच वेळात त्या पांढऱ्यावर एक काळी रेघ उतरली. थेट वरून, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या कोपऱ्यातून.

“थेंब कुठे पडतो ते सोड रे. पहिलं ओलं कुठे झालं ते बघ.”

त्या झाकणाखालचं पॅकिंग कडक झालेलं. आणि ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी काजळीने पार तुंबलेली. आतल्या दाबाला बाहेर पडायला वाट नाही, मग तो तेलाला जिथून जमेल तिथून ढकलतो. नळी साफ केली, पॅकिंग नवं घातलं, दुपारी काम संपलं.

मला मात्र वेगळंच लागून राहिलंय. इतके महिने होडीच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणी मी रोज पंपाने समुद्रात सोडत होतो. ज्या पाण्यात जाळं टाकतो, त्याच पाण्यात.

आजचं तेल कॅनमध्ये भरून ठेवलंय. तुमच्या बंदरात जळकं तेल कुणी गोळा करून नेतं का?